पकड आणि झीज

सन २०२४ च्या अखेरच्या दिवसांत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एक लहानशी घटना घडली. रेवदंड्याच्या पुळणीवर आलेली फेरारी कंपनीची एक वेगवान मोटार वाळूत रुतून बसली. शेकडो अश्वशक्तीचे तिचे यंत्र तिला बाहेर काढू शकेना. अखेर एका बैलगाडीस दोर बांधण्यात आला आणि बैलांनी ती मोटार ओढून काढली. ह्या प्रसंगाचे चलच्चित्र देशभर पाहिले गेले व पाहणारांनी त्यातून आपापल्या आवडीचे तात्पर्य काढले. कोणास त्यात जुन्याने नव्यावर मिळविलेला विजय दिसला, तर कोणास श्रीमंतीची झालेली फजिती. दोन्ही तात्पर्ये मनोरंजक असली तरी घटनेचे कारण त्यांत सापडत नाही. मोटारीची शक्ती त्या दिवशी कमी झाली नव्हती आणि बैलांची वाढली नव्हती. उणीव होती ती चाक व भूमी ह्यांच्या मेळाची. हा मेळ साधण्यासाठी मनुष्याने गेली पावणेदोनशे वर्षे जी खटपट केली, तिचा इतिहास म्हणजेच मोटारींच्या शर्यतीचा पुष्कळसा इतिहास होय.

त्या इतिहासातील एकाच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. शर्यतीच्या मोटारीस कोणत्या रबराचे टायर चढवावयाचे, ही वरवर पाहता कारखानदाराने व यंत्रज्ञाने विचार करण्याची बाब आहे; सुशिक्षित गृहस्थाने तिच्यात मन घालावे असे तिच्यात काय आहे, असे कोणी विचारील. परंतु शर्यतीतील चुरस कोठून येते, ती खरी की बनावट, आणि तिची किंमत कोणी मोजावयाची, हे तिन्ही प्रश्न मागोवा घेत गेले असता त्या रबराच्या तुकड्याशीच येऊन ठेपतात. आणि त्यांतला शेवटचा प्रश्न तर आपल्या किनाऱ्यावरील बैलगाड्यांच्या शर्यतीसही तंतोतंत लागू पडतो.

प्रथम भूमीचा विचार करू. किनाऱ्यावरची वाळू दिसावयास एकसारखी दिसली तरी तिच्या तीन अवस्था असतात. भरतीच्या रेषेच्या वरची वाळू कोरडी असते. तिचे कण एकमेकांस धरून राहत नाहीत, पाऊल टाकताच बाजूस सरकतात. ओहोटी लागल्यावर जो ओला पट्टा उघडा पडतो, त्यातील कणांच्या मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो व तो आपल्या ताणाने कणांना एकत्र बांधतो. मुलांचे वाळूचे किल्ले उभे राहतात ते ह्याच बळावर. त्याखाली लाटेलगतची वाळू मात्र पाण्याने भरून गेलेली असते. कणांच्या मधले पाणी त्यांना एकमेकांवर टेकू देत नाही आणि ती जवळजवळ चिखलासारखी वागते. ओल्या वाळूवर पाय दाबला असता पायाभोवतीचा भाग क्षणभर कोरडा पडल्यासारखा दिसतो, हे पुळणीवर फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. दाबामुळे कणांची घट्ट रचना विसकटून त्यांच्यामधली जागा वाढते व वरचे पाणी आत शोषले जाते, असा त्याचा उलगडा ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्या शास्त्रज्ञाने १८८५ साली केला. अलिबागेस ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाडी हाकणाऱ्यास हे शास्त्र कोणी शिकविलेले नसते. परंतु वाळू कोणत्या घटकेस भार घेईल व कोणत्या घटकेस दगा देईल, हे त्यास अचूक ठाऊक असते.

वेगवान मोटारीचे टायर डांबरी रस्त्यासाठी घडविलेले असतात. रस्ता स्थिर राहील आणि रबराने त्यास धरावे, असा त्यांचा करार असतो. वाळूवर हा करार मोडतो. रबर कितीही उत्तम असले तरी त्याने धरलेला कणच खालच्या कणावरून निसटतो. चाक जागच्या जागी फिरते आणि आपल्याच फिरण्याने खड्डा खणीत जाते. वाळूत मोटार नेणारे अनुभवी लोक टायरांतली हवा मुद्दाम कमी करतात ती एवढ्याचसाठी, की टायर पसरून भार अधिक जागेवर वाटला जावा. तात्पर्य, पकड हा टायराचा एकट्याचा गुण नव्हे व भूमीचा एकटीचाही नव्हे. मैत्री जशी दोघांवाचून संभवत नाही, तद्वत् पकडही दोघांच्या भेटीतून उत्पन्न होते.

येथे बैलगाडीचे चाक व मोटारीचे चाक ह्यांतील एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. बैलगाडीचे चाक ओझे वाहते, पण गाडीस पुढे लोटीत नाही. लोटण्याचे काम बैलांच्या खुरांचे. सुतार तुंब्यात आरे बसवून चाक तयार करतो, आणि लोहार लोखंडी पट्टी तांबडी होईपर्यंत तापवून चाकावर चढवितो व पाणी ओतून ती आवळून घेतो. त्या पट्टीस आपल्या भाषेत ‘धाव’ असे सुंदर नाव आहे. ह्या धावेने भूमीस धरावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. तिने झिजू नये एवढेच पुरे. मोटारीचे चाक मात्र एकाच वेळी चाकही असते व पाऊलही. त्यानेच भार वाहावा, त्यानेच पुढे लोटावे, त्यानेच वळावे आणि त्यानेच थांबवावे. म्हणून त्यास लोखंडाची धाव चालत नाही. भूमीशी जुळवून घेणारी, दबणारी, तिच्या खाचखळग्यांत शिरणारी धाव त्यास हवी असते. अशी धाव रबराने दिली.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत कडक पडते. त्यात गंधक मिसळून उष्णता दिली असता ते दोन्ही दोषांपासून मुक्त होते, हे चार्ल्स गुडइयर ह्यास १८३९ साली अमेरिकेत आढळून आले. हवा भरलेल्या टायराचे पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्याने १८४५ साली घेतले होते. परंतु ते विस्मृतीत गेले आणि १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप ह्याने ती कल्पना नव्याने शोधून सायकलीस लाविली. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोस जाऊन परत येण्याची जी मोटारींची शर्यत झाली, तिच्यात आंद्रे व एदुआर मिशलँ हे बंधू हवेचे टायर लावलेली मोटार घेऊन उतरले. टायर वाटेत वारंवार फुटले, पण मोटार शेवटपर्यंत पोहोचली. हवेवर मोटार चालू शकते, हे त्या फजितीच्या प्रवासाने सिद्ध केले. आरंभीचे टायर फिकट रंगाचे असत. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे रबरात काजळी घालण्याची रीत पडली आणि टायर काळे झाले. हा बदल शोभेचा नव्हता. काजळीच्या सूक्ष्म कणांनी रबराची झीज सोसण्याची शक्ती कितीतरी वाढविली.

परंतु ह्या शोधांची दुसरी एक बाजू इतिहासकाराने झाकून ठेवता कामा नये. हवेच्या टायरांमुळे रबराची मागणी एकाएकी वाढली, आणि बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्या खाजगी अमलाखाली असलेल्या काँगोच्या अरण्यांत त्या मागणीची किंमत वसूल होऊ लागली. गावोगाव रबराचा वाटा ठरवून दिला जाई. तो न भरल्यास बायकामुले ओलीस धरली जात, माणसे मारली जात, हात तोडले जात. ह्या अत्याचारांविरुद्ध जगभर ओरड झाल्यावर १९०८ साली तो मुलूख राजाच्या हातून काढून बेल्जियम सरकारच्या ताब्यात देण्यात आला. युरोपातील रस्त्यांवर जी मऊ चाके आनंदाने धावत होती, ती झिजण्यापूर्वी कोणीतरी दुसरेच झिजले होते. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकांनी मनात ठेवावी.

आपल्या देशात डनलॉपचा टायरांचा कारखाना १९३६ साली हुगळीच्या काठी साहागंज येथे निघाला. त्याच दशकात बैलगाडीस हवेच्या टायरांची चाके लावण्याची प्रथा इकडे सुरू झाली. अरुंद लोखंडी धाव रस्ते कापीत जाई आणि बैलांच्या मानेवर प्रत्येक खड्ड्याचा हिसका पोहोचवी. रबराने रस्ता वाचला आणि ओढणे हलके झाले. साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या ‘टायरगाड्या’ महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. रबराने जनावराचा भार हलका केल्याचेही असे उदाहरण आपल्या समोर आहे.

शर्यतीच्या इतिहासात समुद्रकिनाऱ्याचे स्थान मोठे आहे. मोटारी वेगवान झाल्या तेव्हा त्यांना धावण्यास पुरेसे लांब व सपाट रस्तेच नव्हते. म्हणून धाडसी लोक ओहोटीच्या वाळूकडे वळले. फ्लॉरिडातील ऑर्मंड व डेटोना येथील पुळणीवर १९०३ पासून वेगाच्या चढाओढी होऊ लागल्या. वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर माल्कम कॅम्बेल ह्याने १९२४ साली ताशी १४६ मैलांचा वेग गाठला. त्याच वाळूवर १९२७ साली पॅरी-टॉमस हा तोच उद्योग करीत असता मरण पावला. त्याच वर्षी हेन्री सेग्रेव्ह ह्याने डेटोनास ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. अशा वेगास त्या काळचे टायर काही मिनिटांहून अधिक टिकणे शक्यच नव्हते. १९३५ च्या मार्च महिन्यात कॅम्बेलने डेटोनास ताशी २७६ मैल गाठले; पण ओली वाळू त्याहून अधिक वेगास पुरेशी सपाट व घट्ट राहीना. त्याच वर्षी सप्टेंबरात तो युटा संस्थानातील मिठागरी मैदानावर गेला आणि तेथे त्याने ताशी ३०१ मैलांचा वेग नोंदविला. मोटार तीच होती. बदलली ती चाकाखालची भूमी. रेवदंड्याच्या प्रसंगाचे मर्म कॅम्बेलला कोणी समजावून सांगावे लागले नसते.

ह्यापुढे शर्यती वाळू सोडून कायमच्या डांबरी मार्गावर स्थिरावल्या. भूमी एकदा निश्चित झाली म्हणजे शोध घेण्यास उरते ते रबर. १९४२ साली मलायातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले व अमेरिकेस कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर तयार करणे भाग पडले. युद्ध संपले, पण ती विद्या राहिली; आणि झाडाने दिलेल्या एका पदार्थाऐवजी आता रसायनज्ञास नाना गुणांचे पदार्थ इच्छेप्रमाणे घडविता येऊ लागले. रबर, काजळी, तेल, गंधक व इतर द्रव्ये ह्यांच्या प्रमाणबद्ध मिश्रणास कारखान्यांत कंपाउंड असे म्हणतात. आयुर्वेदाच्या काढ्याप्रमाणेच त्यात द्रव्यांहून प्रमाणास महत्त्व अधिक.

ह्या मिश्रणाचे वर्म एका घरगुती प्रयोगाने समजेल. रबराचे दोन चेंडू सारख्याच उंचीवरून सोडले असता एक चांगला उसळतो, दुसरा जमिनीवर मंदपणे पडून राहतो. खेळणाऱ्या मुलास पहिला आवडेल. शर्यतीच्या मोटारीस दुसरा हवा. जो चेंडू उसळत नाही त्याने घेतलेली शक्ती परत न देता उष्णतेच्या रूपाने आत जिरविलेली असते. अशा रबराचा टायर रस्त्यावरील बारीक खडबडीवरून जाताना तिच्यात रुतून राहतो, चटकन सुटत नाही. शिवाय मऊपणामुळे त्याचा पृष्ठभाग रस्त्याच्या इतका निकट जातो, की दोन्ही पदार्थांचे कण एकमेकांस चिकटू पाहतात. ह्या दोन क्रियांची बेरीज म्हणजे पकड. पण ज्या गुणाने रबर धरते त्याच गुणाने ते तापते, आणि तापले की झिजते. मऊ मिश्रण वेग देते व लवकर संपते. कठीण मिश्रण वेग कमी देते व टिकते. उष्णता कमी पडली तर तेच रबर निर्जीव राहते, अधिक झाली तर त्यावर फोड येतात. फार पकड देणारे आणि मुळीच न झिजणारे असे रबर अद्याप कोणास सापडलेले नाही. आणि ते सापडले असते तर शर्यतीतला अर्धा रस त्याच दिवशी संपला असता.

असे का, ते थोड्या हिशेबाने दाखविता येईल. समजा, मऊ टायर कठीण टायराहून आरंभी प्रत्येक फेरीस एक सेकंद वेगवान आहे. परंतु झिजेमुळे तो प्रत्येक फेरीस दशांश सेकंद गमावतो, आणि कठीण टायर मात्र आहे तसाच राहतो. पहिल्या दहा फेऱ्यांत मऊ टायराचा चालक साडेपाच सेकंदांची आघाडी घेईल. अकरावी फेरी बरोबरीची. तेथून त्याचे धन ओसरू लागेल, आणि एकविसाव्या फेरीच्या अखेरीस आघाडी शून्यावर येईल. आता त्याने पुढे केव्हा थांबावे? थांबून टायर बदलण्यात वीसेक सेकंद जातात. न थांबावे तर मागचा प्रत्येक फेरीस जवळ येतो. दोन मोटारी सारख्याच शक्तीच्या असल्या तरी त्यांची रबरे वेगवेगळ्या वयाची असतात, आणि म्हणून एक दुसरीस गाठू शकते. प्रेक्षकाच्या छातीत जी धडधड होते तिचे मूळ ह्या भेदात आहे. सर्वांजवळ सारखेच रबर सारख्याच अवस्थेत असते, तर पहिल्या वळणास जो पुढे गेला तोच बहुधा शेवटपर्यंत पुढे राहिला असता.

हे केवळ अनुमान नव्हे. २०२४ च्या मे महिन्यात मोनॅको येथील शर्यत पहिल्याच फेरीतील अपघातामुळे थांबविली गेली आणि त्या थांब्यातच सर्वांना टायर बदलण्याची मोकळीक मिळाली. पुढे कोणास थांबण्याचे कारणच उरले नाही. जो तो रबर जपत मंद चालू लागला, आणि पहिले दहा चालक ज्या क्रमाने निघाले होते त्याच क्रमाने पोहोचले. विजयी झालेली मोटार फेरारी होती; पण ती मिरवणूक पाहून फेरारीच्या चाहत्यांखेरीज फारसे कोणी हर्षभरित झाले नसेल. पुढच्या वर्षी तेथे दोनदा टायर बदलण्याची सक्ती करण्यात आली. तेव्हा काही संघांनी आपली एक मोटार मुद्दाम हळू हाकून दुसरीसाठी मोकळी जागा करून देण्याची पळवाट शोधली.

झीज ही चुरशीची जननी आहे, हे ओळखून नियमकर्त्यांनी ती बुद्धिपुरस्सर वाढविली, हा ह्या इतिहासातील सर्वांत नवलाचा भाग होय. १९७१ च्या सुमारास फॉर्म्युला वनमध्ये खाचा नसलेले गुळगुळीत टायर आले व पकड एकदम वाढली. १९९८ पासून वेग आवरण्यासाठी टायरांवर खाचा पाडण्याचा नियम झाला. तो २००९ साली मागे घेण्यात आला. मध्यंतरी २००७ पासून कोरड्या शर्यतीत प्रत्येकाने दोन प्रकारची मिश्रणे वापरलीच पाहिजेत, असे ठरले. २०१० साली कॅनडातील शर्यतीत टायर अपेक्षेबाहेर झिजले. आघाडी वारंवार बदलली व प्रेक्षक खूष झाले. त्यावरून पुढल्या वर्षी आलेल्या पिरेली कंपनीस असे सांगण्यात आले, की लवकर झिजणारे टायर बनवा. उत्तम वस्तू बनविण्याची ऐपत असलेल्या कारखान्याने मुद्दाम नश्वर वस्तू बनवावी, आणि तीही जगासमोर, असा हा विलक्षण करार होता. २०१९ पासून ह्या मिश्रणांस ‘सी’ हे अक्षर व क्रमांक देण्यात येतात. क्रमांक जितका लहान तितके रबर कठीण. प्रत्येक शर्यतीस त्यांतील तीन निवडली जातात व पांढरा, पिवळा आणि तांबडा ह्या रंगांनी कठीण, मध्यम व मऊ ओळखू येतात.

भारतीय प्रेक्षकास ह्याचे प्रत्यक्ष दर्शन दिल्लीजवळील बुद्ध मार्गावर २०११ ते २०१३ ह्या तीन वर्षांत झाले. २०१३ च्या शर्यतीत सेबास्टियन फेटेल सर्वांच्या पुढे निघाला, आणि दुसऱ्याच फेरीच्या अखेरीस आघाडी सोडून टायर बदलावयास आत शिरला. मऊ टायर तेथे टिकणार नाहीत हे जाणून, नियमाची पूर्तता होताच त्याने ते फेकून दिले. गर्दीत मागे पडला, एकेकास ओलांडीत वर आला, शर्यत जिंकला आणि त्याच दिवशी चौथ्यांदा जगज्जेता ठरला. मिश्रणाच्या निवडीत केवढी बुद्धी लागते ह्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे; तसेच, झीज कितीही योजिली तरी श्रेष्ठ चालकाची श्रेष्ठता ती लपवू शकत नाही, ह्याचेही.

तथापि ह्या खेळास एक धोक्याची कड आहे. २००५ च्या जून महिन्यात अमेरिकेत इंडियनापोलिस येथे मिशलँ कंपनीचे टायर एका कलत्या वळणाचा ताण सोसू शकत नाहीत, असे सरावात दिसून आले. शर्यतीच्या दिवशी त्या कंपनीचे टायर लावलेल्या चौदा मोटारी आरंभीची फेरी संपताच आत वळल्या आणि केवळ सहाच धावल्या. त्या सहांत नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारा पहिला भारतीय ठरला. आपल्या अभिमानाचा तो दिवस प्रेक्षकांच्या संतापाचाही होता. २०१३ साली सिल्व्हरस्टोन येथे तर धावत्या मोटारींचे टायर एकामागून एक फुटले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, आणि टायरांची रचना तातडीने बदलण्यात आली. झिजणे व फुटणे ह्यांत भेद आहे. झिजणारा टायर चालकास प्रश्न विचारतो. फुटणारा टायर उत्तराची संधीच देत नाही.

मुद्दाम झिजणारे टायर म्हणजे बनावट चुरस, असा आक्षेप पुष्कळ जाणकार घेतात. चालकाने आपल्या मोटारीची पराकाष्ठा करावी, की रबर वाचवीत बसावे, असे ते विचारतात. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु कोणताही खेळ घेतला तरी त्याच्या मुळाशी एखादी स्वीकारलेली अडचण असतेच. खोखोत बसलेल्यांनी तोंडे आलटून पालटून विरुद्ध दिशांस का करावी, कबड्डीत चढाई करणाऱ्याने दम का धरावा? अडचण कृत्रिम असणे हा दोष नव्हे. ती सर्वांस सारखी असावी, आधी जाहीर असावी आणि तिला कौशल्याने उत्तर देता यावे, एवढेच पाहावयाचे. ह्या कसोटीस मिश्रणांची निवड उतरते. चालकाने हलक्या हाताने मोटार वळवून रबर राखावे, हेही कौशल्यच आहे. उत्तम गवई आवाज राखून गातो म्हणून त्याचे गाणे खोटे ठरत नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हा सर्व खटाटोप केला तिकडे वळू. चुरस झिजेतून येते हे मान्य केले, की लगेच विचारावे लागते : झीज कोणाची? रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग व मुरूड तालुक्यांच्या पुळणींवर, ओहोटीची वेळ साधून बैलगाड्यांच्या शर्यती होतात. उधाण की भांग, पट्टा किती रुंद उघडा पडला, वाळू कोठे घट्ट व कोठे ओलसर, हे हाकणाऱ्यास पाहावे लागते. मोटारीचा चालक मिश्रण निवडतो, हा जणू भूमी निवडतो. चुरस येथेही तीच, आरोळी तीच. परंतु आधी सांगितलेला भेद येथे निर्णायक ठरतो. ह्या गाडीत भूमीस धरणारी वस्तू रबराची नाही. पकड खुराची आहे, आणि जे तापते, दमते, झिजते ते जनावर आहे. मोटारीचा झिजलेला टायर काढून नवा चढविण्यास दोन-तीन सेकंद पुरतात. बैलाचा बदली अवयव कोठे मिळत नाही.

ह्याच भेदावर आपल्या न्यायालयांत एक तप वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींस मनाई केली, तेव्हा बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हेही विचारात घेतले होते. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींस सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. त्या अन्वये केलेल्या नियमांत अंतर एक हजार मीटरांच्या आत ठेवण्याचा, पशुवैद्याच्या तपासणीचा, तसेच चाबूक, टोचणी व विजेचा धक्का ह्यांच्या बंदीचा समावेश आहे.

दोन्ही नियमावल्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एक बोधप्रद विरोध दिसतो. मोटारींच्या शर्यतीचे नियम झीज वाढविण्यासाठी लिहिले गेले. बैलांच्या शर्यतीचे नियम झीज आवरण्यासाठी. दोन्ही आपापल्या ठिकाणी योग्य आहेत, कारण रबरास वेदना नाही आणि चालकाने आपला धोका समजून उमजून पत्करलेला असतो. बैलास वेदना आहे आणि त्याची संमती कोणी विचारलेली नसते. काँगोच्या अरण्यात रबर गोळा करणाऱ्याची तरी कोणी विचारली होती? शर्यत किती रंगली एवढेच पाहणारा प्रेक्षक हा भेद विसरतो, आणि तो विसरला म्हणजे नियम कागदावर राहतात. पंच कितीही दक्ष असला तरी काठी उगारणाऱ्या हातास खरा जोर गर्दीच्या आरोळीतून मिळत असतो.

म्हणून ह्या शर्यती बंद कराव्यात असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. शेतकऱ्याचे आपल्या बैलावर प्रेम असते, तो त्यास पोटच्या मुलाप्रमाणे खाऊ-पिऊ घालतो, आणि किनाऱ्यावरील त्या दिवसात गावाच्या वर्षभराच्या कष्टांचा आनंद साठविलेला असतो, हे खरे आहे. पण जनावराच्या दमाची जी मर्यादा कायद्याने आखली आहे तिच्या आत चुरस शोधणे, हेच येथले कौशल्य मानले गेले पाहिजे. मोटारीच्या चालकाने टायर राखून शर्यत जिंकली तर जाणकार त्याची वाखाणणी करतात. बैल राखून जिंकणाऱ्या गाडीवानास, आणि जनावर थकले असे पाहून शर्यत सोडून देणाऱ्या गाडीवानास तर त्याहूनही अधिक, तीच वाखाणणी मिळू लागेल, त्या दिवशी नियमांस पंचांची फारशी गरज उरणार नाही.